आर्नोच्या कांठीं अक्षरें मोजतांना

इटली देश पाहून आलेल्या मंडळींचीं प्रवासवर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसच्या नावा, रोमचें भग्न वैभव, यांचें वर्णन पुन्हां करण्याची आमची इच्छा नाहीं, आणि तसा अधिकारही नाहीं. कारण तीन महिन्यांच्या मुक्कामांत फ्लॉरेन्स शहर सोडून आम्ही फारसे बाहेर पडलोंच नाहीं. आमची थोरली कन्या तेथील एका संशोधनसंस्थेंत काम करते. तिच्या बिऱ्हाडीं आम्ही उभयतां राहावयास गेलों होतों.

निघतेवेळीं घरांतील लहानथोरांनीं नाना तऱ्हेच्या सूचना केल्या. कोल्हापूरच्या आमच्या आत्याबाईंनीं मात्र एकच काम सांगितलें. "त्या गांवांत आमच्या महाराजांची छत्री आहे म्हणतात. तेथें दोन फुलें वाहून या. पण मोटारींत बसून थेट दारांत उतरूं नका हो. वाट पुसत पुसत, पायीं जा." आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत आहे, आणि त्यांचा शब्द आमच्या घरांत कोणी मोडीत नाहीं. आतां वाट पुसावयाची म्हणजे भाषा यावयास हवी. अशा रीतीनें, उतारवयांत आम्ही इटालियन शिकावयास बसलों.

ही भाषा मराठी माणसास प्रथमदर्शनीं फार सोपी वाटते. त, द, प, ब हे वर्ण आपल्यासारखेच. शब्द बहुतेक स्वरान्त. आणि लिहिलें असेल तसें वाचावयाचें. इंग्रजी स्पेलिंगांनीं ज्यांचें बाळपण करपलें त्यांस हा स्वर्गच वाटावा. आमचाही तसाच समज झाला, आणि पंधरा दिवसांच्या आंत आम्ही पाववाल्याशीं व भाजीवालीशीं धडाधड बोलूं लागलों. मात्र आम्ही बोललों कीं समोरचा माणूस क्षणभर थबके. एकदां कॉफीच्या दुकानांत खिशांत हात घालून आम्हीं मोठ्या रुबाबांत 'पागो' असें म्हटलें. पागो म्हणजे 'मी पैसे देतों'. दुकानदार आमच्या पाठीमागें डोकावून पाहूं लागला. हा मनुष्य विसरभोळा दिसतो, असें मनाशीं म्हणून आम्हीं नाणीं ठेवलीं व बाहेर पडलों. खरा प्रकार पुढें कळला. आम्हीं जोर शेवटच्या अक्षरावर दिला होता. त्यायोगें 'त्यानें पैसे दिले' असा अर्थ झाला होता, आणि तो बिचारा पैसे देणारा 'तो' कोण याचा शोध करीत होता!

याच सुमारास एक अनर्थ ओढवला. कन्येचें बिऱ्हाड आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर, ज्यास ओल्त्रार्नो म्हणजे 'आर्नोपलीकडला' भाग म्हणतात तेथें, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतें. अशा घरांतून चौकाच्या बाजूस खिडकीबाहेर दोऱ्या ताणलेल्या असतात व कपडे त्यांवर वाळत घालतात. सौभाग्यवतींनीं आपलें नवें लाल इरकली लुगडें धुऊन दोरीवर टाकलें. खालच्या मजल्याच्या दोरीवर एक पांढरी शुभ्र चादर वाळत होती, तिकडे त्यांचें लक्ष गेलें नाहीं. तासाभरानें पाहिलें तों चादरीवर कुंकवाचा सडा पडल्यासारखें झालें होतें. चादर साधी नव्हती. कांठांस हातचा कशिदा होता. खालच्या बाईंच्या मातोश्रींनीं आपल्या लग्नाच्या रुखवतासाठीं तो स्वतः काढला होता, हें मागाहून समजलें आणि जिवाला जास्तच लागलें.

क्षमा मागावयास जाणें प्राप्त होतें. 'स्कूझी' हा नेहमींचा शब्द ठाऊक होता. परंतु तो ट्रॅममध्यें धक्का लागला तर म्हणावयाचा. चादरीच्या मानानें तो अपुरा वाटला. खिशांतल्या यंत्रावर शोधलें, तेव्हां 'पेर्दोनो' हा शब्द मिळाला. जिन्यानें खालीं उतरतांना तो घोकला. दार उघडतांच आम्हीं हात जोडले आणि पहिल्या अक्षरावर सारा जीव ओतून म्हणालों, "पेर्दोनो! पेर्दोनो!"

दारांत उभ्या असलेल्या वृद्ध बाईंच्या कपाळावरची आठी हलली नाहीं. पण आंतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा घाबरा आवाज आला, "कोण? कोण?" ते बाईंचे बंधु, आंत फुटबॉलचा सामना पाहत बसले होते. 'पेर्दोनो' हा शब्द पहिल्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला म्हणजे 'ते हरत आहेत' असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या अक्षरावर आघात दिला तरच तो 'क्षमा', किंवा 'मी क्षमा करतों'. लिहितांना दोन्ही शब्द हुबेहुब एक. बाईंनीं एकवार आंत पाहिलें, एकवार आमच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलें, आणि मग तीन टाळ्या वाजविल्या: एक हलकी, दुसरी खणखणीत, तिसरी पुन्हां हलकी. "पेर्, दो, नो," असें त्या म्हणाल्या. आम्हीं तसें म्हणून दाखविलें. तेव्हां कोठें त्या हंसल्या. चाळीस वर्षें त्यांनीं प्राथमिक शाळेंत पहिलीच्या मुलांस शिकविलें होतें, आणि चुकीचा आघात कानीं पडला कीं चादर, सामना सर्व विसरून तो दुरुस्त करावा, ही खोड त्यांस लागून राहिली होती.

चादरीविषयीं त्या एवढेंच म्हणाल्या, "कापिता." आमचा समज झाला कीं 'कळलें' असें त्या म्हणत आहेत. तसें नव्हतें. आघात पहिल्या अक्षरावर होता, आणि त्याचा अर्थ 'असें घडतें' असा होता. 'कापितो' याचे तीन आघात तीन निरनिराळ्या वाटांनीं जातात. पहिल्या अक्षरावर आघात असेल तर 'मी येऊन ठेपतों', दुसऱ्यावर असेल तर 'कळलें', आणि तिसऱ्यावर असेल तर 'घडलें'. पहिला आणि तिसरा हे एकाच क्रियापदाचे, मधला भलत्याच. सौभाग्यवतींनीं दुसऱ्या दिवशीं बेसनाच्या लाडवांचा डबा खालीं नेला, आणि परत येतांना मंगळवार व शुक्रवार संध्याकाळची शिकवणी ठरवून आल्या. इटालियन भाषेंत शिक्षिकेस 'माएस्त्रा' म्हणतात. आम्ही मात्र त्यांस बाईच म्हणूं लागलों. आपल्याकडे शाळेंतल्या बाई त्या बाईच.

शिकवणी स्वयंपाकघरांतल्या टेबलावर होई. बाई एका वाटींत पांढऱ्या घेवड्याचे सुके दाणे व एक अक्रोड घेऊन बसत. एका अक्षरास एक दाणा. ज्या अक्षरावर आघात त्याच्या जागीं अक्रोड. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं.

पहिला धडा शब्द तोडण्याचा. वहीची ओळ संपली आणि शब्द मावला नाहीं, तर तो कोठें तोडून खालच्या ओळींत न्यावा, हें तेथील मुलांस पहिल्याच वर्षी शिकवितात. एकेरी व्यंजन पुढल्या स्वराबरोबर जातें: का-सा, पा-ने. द्वित्त असेल तर तें फाटतें: लेग्-गो, म्हणजे 'मी वाचतों'. र, ल, म, न यांच्या पुढें दुसरें व्यंजन आलें तर तेथेंही तोड: पार्-लो, कान्-तो. परंतु स पुढें व्यंजन आलें तर तीं दोन्ही मिळून पुढें जातात: पा-स्ता, का-पी-स्को. येथें आम्हांस देवनागरीचा मोठा आधार वाटला, कारण आपणही 'पास्ता' लिहितांना स्ता हें जोडाक्षर एकत्रच लिहितों. पण 'पार्लो' लिहितांना आपण रफार 'लो' च्या डोक्यावर चढवितों, आणि इटालियन पोर मात्र तो र मागल्या अक्षरास बांधून ठेवतें. एक युक्ति बाईंनीं सांगितली. ज्या जोडाक्षरानें इटालियन शब्दाचा आरंभ होऊं शकतो तें तोडावयाचें नाहीं. 'स्त' नें शब्द सुरू होतो, 'प्र' नें होतो. 'र्ल' नें कधींही होत नाहीं. (कानास विचाराल तर 'पास्-ता' असेंच ऐकूं येतें, आणि भाषाशास्त्रज्ञांतही यावर वाद आहे. पण शाळेचा नियम शाळेचा. बाईंपुढें आम्हीं हा वाद काढला नाहीं.)

दोन स्वर शेजारीं आले म्हणजे खरी कसोटी लागते. 'पार्ल्यामो', म्हणजे 'आम्ही बोलतों', हा शब्द रोमन लिपींत लिहिला तर मध्यें इ आणि आ असे दोन स्वर दिसतात. परंतु दाणे तीनच मांडावयाचे, पार्-ल्या-मो. देवनागरींतला य जोडून लिहिला म्हणजे हें आपोआप साधतें. उलट 'मी पाठवितों' याला 'इन्वीओ' म्हणतात. त्यांत आघात त्या इ वरच असल्यामुळें ती पुढल्या ओ मध्यें विरघळत नाहीं, आणि दाणे होतात तीन: इन्-वी-ओ. ज्या इ वर अक्रोड बसला ती स्वतंत्र संसार थाटते. नाहीं तर ती शेजारणीच्या घरांत पोटभाडेकरू होऊन राहते. ही उपमा आमची नव्हे, सौभाग्यवतींची. एवढा एक नियम आम्हीं त्याच वेळीं नीट पक्का केला असता तर पुढली फजिती टळती.

आतां क्रियापदें. इटालियन लोक बोलतांना 'मी', 'तू', 'तो' हे शब्द बहुधा गाळतात. कर्ता कोण व काळ कोणता, हें सर्व ओझें क्रियापदाच्या शेपटीनें व आघातानें वाहावयाचें. शेवटच्या अक्षरावर आघात असला तर त्यावर एक तिरकी रेघ देतात. इतरत्र सहसा कांहींच खूण करीत नाहींत. 'पार्लो' वर रेघ नसेल तर 'मी बोलतों', शेवटीं रेघ असेल तर 'तो बोलला'. एका रेघेनें माणूसही बदलला आणि काळही बदलला. आमच्या जुन्या मराठी लेखनांत 'करतों' व 'करतो' यांत एका बिंदूचें अंतर असे. १९६२ सालच्या नियमांनीं तो बिंदु लेखनांतून गेला. आम्ही जुन्या वळणाचे असल्यामुळें अजून देतों, व घरांतील तरुण मंडळी आम्हांस हंसतात. बाईंस हें सांगितलें तेव्हां त्या गंभीरपणें म्हणाल्या, "तुम्ही देत जा."

वर्तमानकाळाचीं रूपें मांडतांना टेबलावर मोठी गंमत दिसे. पार्लो, पार्ली, पार्ला, म्हणजे मी, तू, तो. तिहींतही अक्रोड पहिला, दाणा दुसरा. मग 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांची पाळी आली कीं अक्रोड उठून दुसऱ्या जागीं जाई: पार्-ल्या-मो, पार्-ला-ते. आणि 'ते' म्हणतांच तो पुन्हां धांवत मूळच्या जागीं येई: पार्-ला-नो, अक्रोड आणि पुढें दोन दाणे. तीन अक्षरी शब्द, अंतीं 'आनो', तेव्हां जीभ मधल्या अक्षराकडे ओढ घेते. पण तेथें जोर दिला कीं ऐकणारा कान टवकारतो. असें कां, याचें कारण लॅटिनमध्यें आहे. 'ते गातात' यास लॅटिनमध्यें 'कान्तान्त' असें दोनच अक्षरांचें रूप होतें, आघात पहिल्यावर. शेवटचा त गळला, मागाहून एक ओ येऊन चिकटला, व 'कान्तानो' झालें. अक्षर वाढलें, आघात जागचा हलला नाहीं.

आघाताच्या जागेवरून शब्दांस नांवेंही गमतीचीं दिलेलीं आहेत. उपान्त्य अक्षरावर आघात असलेला शब्द 'प्यानो', म्हणजे सपाट. भाषेंतले बहुतेक शब्द या जातीचे. अन्त्य अक्षरावर असेल तर 'त्रोन्को', म्हणजे छाटलेला. आणि शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर 'स्द्रूच्चोलो', म्हणजे घसरडा! 'पार्लानो' घसरडा. 'ते राहतात' याचें 'आबितानो' दुहेरी घसरडा, कारण त्याचा अक्रोड पहिल्या 'आ' वर व पुढें तीन दाणे घरंगळत जातात. 'ते टेलिफोन करतात' याचें 'तेलेफोनानो' तसेंच. आघात 'ले' वर. आज्ञार्थास 'मला', 'तें' हीं सर्वनामें शेपटीस जोडलीं कीं घसरण आणखी वाढते. 'माझ्यासाठीं तें मागव' एवढें सर्व 'ओर्दिनामेलो' या एका शब्दांत मावतें. अक्रोड अगदीं आरंभीं व मागून चार दाणे. हा शब्द म्हणतांना जिन्यावरून केळ्याच्या सालीवर पाय पडल्याचा भास होतो. आमचा नातू हा शब्द वाटेल तेव्हां, एका दमांत, बरोबर म्हणतो, व आम्ही अडखळलों कीं टाळ्या पिटतो. त्या टाळ्या बाईंच्या टाळ्यांहून वेगळ्या.

धातूचें मूळ रूप ज्यांचें 'एरे' नें संपतें त्यांनीं आम्हांस सर्वांत छळलें. 'वेदेरे', पाहणें, यांत आघात 'दे' वर. 'स्क्रीवेरे', लिहिणें, यांत आघात 'स्क्री' वर. दोन्हींचें शेपूट सारखें, मग भेद कां? या प्रश्नाचें उत्तर आमच्या वाचकांस इटालियन मुलांपेक्षां लवकर पटेल, कारण तें लघुगुरूचें आहे. लॅटिनमध्यें उपान्त्य अक्षर गुरु असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या मागल्या अक्षरावर. 'पाहणें' या धातूंत तो ए दीर्घ होता, 'लिहिणें' यांत ऱ्हस्व. पुढें ऱ्हस्वदीर्घाचा तो भेद भाषेंतून लोपला. पण आघात बसल्या जागीं बसून राहिला. वाड्याचे धनी गेले, तरी ओसरीवरची त्यांची बैठक कोणीं हलविली नाहीं, त्यांतला प्रकार. हें ऐकून आम्हीं बाईंस आपल्या छंदःशास्त्रांतील संयोगापूर्वींच्या गुरूची गोष्ट सांगितली, आणि त्यांनींही 'पार्' या अक्षरावर बोट ठेवून मान डोलाविली.

त्याच शुक्रवारीं वृत्राची कथा निघाली. इंद्रास मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ मांडला. 'इंद्रशत्रु' या शब्दाचा अन्त्य स्वर उदात्त म्हणावयाचा, तो आद्य म्हटला गेला. त्यायोगें 'इंद्राचा मारणारा' याऐवजीं 'इंद्र ज्याचा मारणारा' असा अर्थ झाला, आणि वृत्र मारला गेला. लहानपणीं ही गोष्ट आम्हीं वडिलांच्या तोंडून ऐकली होती व मंत्रपाठाची भीति घालण्याची ती एक युक्ति आहे असें धरून चाललों होतों. फ्लॉरेन्समध्यें 'पेर्दोनो' म्हटल्यानंतर तसें धरणें कठीण झालें. बाई म्हणाल्या, "एका चुकलेल्या अक्रोडापायीं बिचाऱ्याचा जीव गेला!" मग आम्हीं त्यांस सांगितलें कीं, वेदांत मुख्य वाक्यांतलें क्रियापद वाक्यारंभीं नसेल तर त्यावर उदात्त स्वर नसतोच, तें सर्व अनुदात्त असतें. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. "क्रियापदावर आघातच नाहीं? मग वाक्य उभें कशाच्या आधारावर राहतें?" याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

मधल्या एका सकाळीं बाईंच्या सांगण्यावरून आम्ही शहराच्या वायव्येस कास्तेल्लो येथें जाऊन आलों. तेथें मेदिची घराण्याच्या जुन्या उद्यानगृहांत 'क्रूस्का' नांवाची भाषासभा १९७२ पासून नांदते. सभेची स्थापना सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली. तिनें केलेला इटालियन भाषेचा कोश १६१२ मध्यें छापला गेला. क्रूस्का म्हणजे कोंडा! पीठ घ्यावें व कोंडा टाकावा, तसें भाषेचें करावें, ही त्यामागील कल्पना. म्हणून सभेचें बोधचिन्ह पीठ चाळण्याचें यंत्र. जुन्या सभासदांचीं टोपणनांवें व त्यांचीं चित्रें धान्याच्या फावड्यांच्या आकाराच्या फळ्यांवर रंगवून भिंतीवर मांडलेलीं आहेत. विद्वत्सभेनें स्वतःचें नांव कोंडा ठेवावें, हा विनय आमच्याकडील किती सभांस साधेल, याचा विचार करीत आम्ही परतलों.

फ्लॉरेन्समध्यें जुन्या घरांच्या भिंतींवर ठिकठिकाणीं दांतेच्या महाकाव्यांतील ओळी कोरलेल्या आहेत. दांतेचा जन्म याच गांवांत १२६५ सालीं झाला, १३०२ मध्यें गांवानें त्यास हद्दपार केलें, आणि १३२१ मध्यें तो रावेन्ना येथें मरण पावला. सान्ता क्रोचे देवळांतली त्याची समाधि रिकामीच आहे. या शिलालेखांसमोर उभे राहून आम्ही बोटांनीं अक्षरें मोजीत असूं. त्याचें वृत्त अकरा अक्षरांचें म्हणवितें. पण नुसतीं अक्षरें मोजून भागत नाहीं. दहाव्या अक्षरावर आघात पडला पाहिजे. ओळीच्या शेवटीं छाटलेला शब्द आला तर ती दहा अक्षरांतच पुरी होते, घसरडा आला तर बारा अक्षरें होतात, तरी नांव 'अकरा अक्षरी'च! भूतकाळाचें 'तो बोलला' हें रूप ओळीच्या टोकास आलें कीं कवीस एक अक्षर फुकट सोडावें लागतें. आपल्या ओवीच्या मोकळ्या चालीपेक्षां हें शास्त्र कडक, व गणवृत्तांपेक्षां सैल वाटलें.

असो. आत्याबाईंचें काम राहून जात होतें. 'आनो' वर संपणारीं क्रियापदें आतां आम्हांस चांगलीं येऊं लागलीं होतीं, व शेवटून तिसऱ्या अक्षरावर अक्रोड ठेवण्याचा हात बसला होता. एका सकाळीं दोन गुलाब घेऊन आम्ही उभयतां ट्रॅमनें काशीने या उद्यानाच्या तोंडाशीं उतरलों. नांव ऐकतांच सौभाग्यवतींस काशीक्षेत्र आठवलें. वस्तुतः 'काशीना' म्हणजे गाईगुरांचा गोठा, दुधाची वाडी. हें उद्यान आर्नोच्या उजव्या तीरानें साडेतीन किलोमीटर लांब पसरलें आहे, व त्याच्या पार पश्चिम टोकास महाराजांची छत्री. तिला तेथील लोक 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', एवढेंच म्हणतात. यंत्रांत नकाशा होता. परंतु आत्याबाईंची आज्ञा पुसत जाण्याची. म्हणून आम्ही पुसूं लागलों. इं-दि-या-नो, शेवटून तिसरें अक्षर 'दि'; तेव्हां 'दि' वर चांगला ठणठणीत आघात देऊन आम्हीं पांच माणसांस विचारलें. दोघांनीं खांदे उडविले. एक बाई आपल्या कुत्र्यासह लगबगीनें निघून गेल्या. बांकावर बसलेल्या एका वृद्धानें मोठ्या सौजन्यानें उलट विचारलें, "कोण? काय करतात ते?" तेवढ्यांत पाऊस आला. आम्ही परत फिरलों, आणि ते गुलाब कन्येच्या घरीं पेल्यांत राहिले.

हें ऐकून बाईंनीं कपाळास हात लावला. त्यांनीं टेबलावर दाणे मांडले: इन्-द्या-नो. तीनच! दाणा, अक्रोड, दाणा. इ पोटभाडेकरू, आघात 'द्या' वर. क्रियापदांचें 'आनो' घसरतें. पण माणसाचा देश किंवा गांव सांगणाऱ्या शब्दांतलें 'आनो' ठाम उभें राहतें: रोमानो, तोस्कानो, इताल्यानो, इन्द्यानो. क्रियापदांच्या नादीं लागून आम्हीं एका राजास क्रियापद करून टाकलें होतें. आम्ही ओशाळलों. परंतु बाई थांबल्या नाहींत. त्या म्हणाल्या, तुम्हीं उच्चारलें तसें क्रियापदही या भाषेंत आहे, आणि तें दांतेनें घडविलें आहे. देव या शब्दापासून त्यानें 'देवांत मिळून जाणें' अशा अर्थाचा धातु केला. त्याचें 'ते' चें रूप इन्-दी-आ-नो. चार दाणे, अक्रोड 'दी' वर. लिहितांना अक्षरें तींच. "त्या म्हाताऱ्यास तुम्हीं विचारलें, देवांत मिळून जातात ते कोठें आहेत? सकाळच्या वेळीं बांकावर बसलेल्या माणसास हें काय ठाऊक असणार!"

रविवारीं बाई स्वतः आमच्याबरोबर आल्या. झाडांच्या रांगांखालून तासभर चाललों. वाटेंत, आम्हांसच विचारावयास लावून, त्यांनीं तीन जणांस वाट पुसविली. तिघांनींही हात पुढें करून दाखविली. उद्यान संपतें तेथें मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते. त्या संगमावर कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे.

महाराज १८७० सालीं विलायतेचा प्रवास करून स्वदेशीं परतत होते. त्यांचें वय विशीच्या जेमतेम पुढें. त्या काळीं फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं येथील मुक्कामांत त्यांचा अंत झाला. प्रेतदहनाची चाल त्या देशांत नव्हती; खास परवानगी मिळवून या संगमावर हिंदु विधीनें अग्नि दिला गेला. प्रवासांत त्यांनीं इंग्रजींत ठेवलेली रोजनिशी १८७२ मध्यें लंडनास छापून निघाली. छत्री १८७४ सालची. तिचा आराखडा चार्ल्स मांट यांचा. त्यांनींच पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा आंखला. खालीं महाराजांचा अर्धपुतळा रंगविलेला आहे, फेटा, दागिने, सर्व कांहीं, आणि चेहरा अगदीं कोवळा. पलीकडे पोलादी दोरांनीं तोललेला मोठा पूल आहे. त्यासही 'इन्द्यानो'चेंच नांव. मोटारींतून जाणाऱ्या किती जणांस तो इन्द्यानो कोण, हें ठाऊक असेल?

सौभाग्यवतींनीं फुलें वाहिलीं. आम्हीं नमस्कार केला. बाई कठड्याशीं उभ्या राहून पुतळ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनीं महाराजांचें नांव विचारलें, आणि पिशवींतून ती वाटी काढली. कठड्याच्या दगडावर तीन दाणे मांडले. रा, जा, राम. "अक्रोड कोठें ठेवूं?"

आम्हीं नांव म्हणून पाहिलें. एकदां रा जड वाटला, एकदां जा. सौभाग्यवतींनीं म्हटलें तेव्हां शेवटचा राम लांबला. मराठींत आघात फिरल्यानें अर्थ फिरत नाहीं, म्हणून कानास तशी संवयच नाहीं, असें आम्ही सांगूं लागलों; बाईंचें समाधान होईना. प्रत्येक नांवाचा अक्रोड कोठें तरी असतोच, असें त्यांचें म्हणणें. शेवटीं आम्हीं यंत्रावरून कोल्हापुरास आत्याबाईंस बोलाविलें व छत्री दाखविली. त्यांनीं बराच वेळ पाहिलें, पदर सांवरला, हात जोडले आणि सावकाश म्हणाल्या, "राजाराम महाराज."

बाई वांकून ऐकत होत्या. अक्रोड त्यांनीं हातांतच धरून ठेवला. मग आम्हांकडे वळून हळूच म्हणाल्या, "त्यांना पुन्हां एकदां म्हणावयास सांगा."